पांढरीचे बोरसे सर

बोरसे सरांचा मला जन्मभर राग येत आला. भला माणूस, वाचलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी राग यायचा. एखाद्या पोराला उत्तर पक्कं ठाऊक असावं आणि पेपरात त्याने ते लिहूच नये, तेव्हा तपासणाऱ्याचा जीव कसा जळतो? तसा माझा सरांपायी जळायचा. मी गणित शिकवायचे, सर इतिहास. अमळनेर तालुक्यातल्या एकाच हायस्कुलात आम्हा दोघांची नोकरी गेली, आणि स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून. म्हणजे सुटकाही नव्हती.

उंच, किडकिडीत माणूस, मान कायम खाली. नवीन माणसाला वाटायचं, काय नम्र मास्तर आहेत. नम्र कसले डोंबलाचे! ते जमिनीवर खापरं शोधत असायचे. जुन्या मडक्याचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा का असेना, दिसला की सर जिथल्या तिथे उकिडवे बसणार. मग मागून बैलगाडी येवो की एसटी. पोरं पाठीमागे त्यांना ‘खापऱ्या मास्तर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा मीच चिडून पोरांची नावं हेडसरांना द्यायला निघाले, तर मला म्हणाले, “राहू द्या, पाटीलबाई. बाकीच्या पदव्या फी भरून मिळाल्या, ही एवढी कमावलेली आहे.”

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. मे महिन्याचं ऊन, पंगत बसलेली, पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाची धार पडलेली. ऊन फिरलं म्हणून मंडपवाला एक जादा खांब रोवायला खड्डा खणत होता. सरांनी पहिला घास घेतला, खड्ड्याकडे बघितलं, आणि भरल्या पानावरून उठून जाऊन त्या खड्ड्याशी बसले. मंडपवाला खांद्यावर बांबू घेऊन उभा. “मास्तर, सरका ना,” म्हणाला. सर म्हणतात, “जरा थांबा, खाली राख दिसतेय.” व्याही मंडळी बघताहेत. नणंद माझ्या कानाशी येऊन विचारते, “वहिनी, मास्तर अन्नावरून उठले, आमचं काही चुकलं का?” काय सांगू तिला? बऱ्याच वेळाने सरांनी हातातलं खापर होतं तिथेच परत दाबलं, वर माती सारखी केली आणि म्हणाले, “झालं बघून. लावा खांब.”

ही त्यांची दुसरी तऱ्हा. शोधायचं, बघायचं आणि तिथेच ठेवायचं. मी म्हटलं, अहो, एवढी हौस आहे तर चार खापरं घरी न्या, शोकेसमध्ये ठेवा, पोरांना दाखवा. तर म्हणाले, “जागेवर असू द्या. उचललं की ते नुसतं खापर. जागेवर आहे तोवर ते बोलतं, की माझ्याखाली कोण आहे, माझ्यावर कोण आहे, शेजारी चूल होती की गोठा.” हे ‘जागेवर असू द्या’ त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची सरकवली तरी निघायचं.

थर म्हणजे काय, हे नववीच्या पोरांना समजावण्यासाठी त्यांनी एकदा स्टाफरूमची कचऱ्याची टोपली उचलून वर्गात नेली. शनिवार होता. टोपली आठवड्यातून एकदाच रिकामी व्हायची, कारण आमचा शिपाई तसाच होता. सरांनी वरून एकेक कागद अलगद काढत पोरांना आठवडा उलटा वाचायला लावला. हा शनिवार, ही शुक्रवारची चाचणी, हा एका बाईंच्या गजऱ्याचा दोरा, म्हणजे गुरुवारची पूजा. पोरं रंगली. तळाशी आले तर सोमवारच्या थरात कचोरीचा तेलकट कागद, आणि त्यावर हेडसरांच्या हातची बेरीज. हेडसरांचा सोमवारचा कडक उपवास अख्ख्या शाळेला माहीत. पोरांनी काय ते ओळखलं आणि वर्ग असा हसला की ऑफिसपर्यंत ऐकू गेलं. सरांना मात्र त्यात हसण्यासारखं काय, ते कळलं नाही. पुरावा सापडला याचाच आनंद! त्या दिवसापासून सरांच्या प्रत्येक रजेच्या अर्जाला हेडसरांनी आडकाठी घातली, आणि सरांना रजा लागायची ती फक्त एकाच कामासाठी. ते काम म्हणजे पांढरी.

सरांचं गाव बोरी नदीच्या काठी. नाव लिहीत नाही, सरांचीच तशी ताकीद होती. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. राख, शेण, पडक्या भिंती, माणसाचा सगळा राबता मुरून मुरून माती पांढरट होते. या गावाची जुनी पांढरी म्हणजे नदीलगतचं एक मोठं टेकाड. नदीने एका अंगाने ते कापलेलं. एकदा दिवाळीच्या सुट्टीत सर आम्हा दोघा-तिघांना तिथे घेऊन गेले आणि त्या कापलेल्या अंगासमोर उभं केलं. मला आधी नुसती माती दिसली. मग सर बोट न लावता, हवेतूनच दाखवत गेले. ही काळी रेघ म्हणजे आग लागली होती. ही चोपलेली जमीन, कुणाचं तरी घर. हा गाळ, पूर आला होता. त्यावर पुन्हा घर, म्हणजे माणसं परत आली. “निदान तीन हजार वर्षांपूर्वीची असतील,” म्हणाले, “पण ते मी सांगून उपयोग नाही. माहितगारांनी येऊन थराथराने खणायला हवं.”

“मग तुम्हीच खणा की,” मी म्हटलं.

“मला येत नाही, बाई. चुकीचं खणणं म्हणजे पुस्तक वाचता वाचता पान फाडत जाणं. मला खणायचं नाहीच. कुणीतरी नीट खणावं आणि मला काठावर उभं राहून बघू द्यावं. बस.”

एवढंच मागणं होतं. जमीन नको, नाव नको, पाटीवर फोटो नको. काठावर उभं राहायचं होतं.

आता या पांढरीला वैरी कोण, तर तिचंच गाव. खानदेशातली धाब्याची घरं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि त्यावर पावसाळ्याआधी ही पांढरी माती पसरतात. ती बसते घट्ट, पाणी झिरपू देत नाही. उरलेली शेतात खत म्हणून. बापजाद्यांपासूनची रीत. रोहिणी नक्षत्र आलं की टोपली-फावडी घेऊन गाव टेकाडावर. पूर्वी डोक्यावरून न्यायचे, मग गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. सर आडवे जायचे. गावचे लोक समजुतीने सांगायचे, “मास्तर, पांढरीनी मातीबिगर धाबं गळस. तुमनं घर स्लॅबनं शे.” खरंच त्यांचं घर स्लॅबचं होतं.

बरं, लोकांना सांगावं ना काय आहे ते? तर सांगायचं नाही. त्यालाही कारण घडलेलं होतं. एका पावसाळ्यानंतर टेकाडाच्या उतारावर सरांना तांब्याची बोटभर छिन्नी उघडी पडलेली दिसली. सरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. जन्मात पहिल्यांदा जीभ सैल सुटली आणि वर्गात सांगून बसले. वर्गात तांबं होतं, पोरांच्या घरी पोचेस्तोवर त्याचं सोनं झालं, आणि बाजाराच्या दिवसापर्यंत हंडा. अमावास्या उलटली त्या सकाळी सर गेले तर टेकाडाच्या ऐन डोक्यावर माणूसभर खोल खड्डा, काठाला लिंबू, कुंकू, अगरबत्तीच्या काड्या. आणि भोवती इतस्ततः फेकलेली खापरं, एकही जागेवर नाही. सर त्या दिवशी शाळेत आले, सगळे तास घेतले, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मी बोललो, म्हणून खणलं.”

झालं. त्यानंतर या माणसाने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलं. मी किती वेळा भांडले! “सर, अर्धवट सांगितलंत म्हणून खणलं. पूर्ण सांगा. चावडीवर बसवा लोकांना, नदीची ती बाजू दाखवा, जशी आम्हाला दाखवलीत.” सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “आधी सरकारी संरक्षण मिळू द्या. मग सगळं सांगीन. अगदी पहिल्यापासून सांगीन.” गावात कुणी विचारलं तर एकच ठरलेलं वाक्य, “काही नाही, जुनी माती आहे.” आता मला सांगा, जुनी माती आहे म्हटल्यावर लोक ती धाब्यावर का नाही टाकणार?

आणि सरकारी संरक्षणाची तऱ्हा ऐका. पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात अर्ज दिला. ते म्हणाले, जागेचा सातबारा जोडा. सर तलाठ्याकडे. तलाठी म्हणाला, ही जुन्या गावठाणाची जागा, गावठाणाला सातबारा नसतो. सर परत कार्यालयात. सातबारा नाही म्हणजे जागा कागदावर नाही, आणि कागदावर नाही त्या जागेची पाहणी कशी करायची? मग तलाठ्याकडून ‘सातबारा नसतो’ असं लिहून आणा. तलाठी म्हणाला, जे नसतं त्याचा दाखला देण्याची तरतूद नाही. यात वर्षं गेली, खोटं नाही सांगत. तलाठी बदलले, साहेब बदलले, ज्यांना प्रकरण समजत आलं होतं तेच नेमके बदलून गेले. सर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचे. गावाला सांगायला तोंड नव्हतं, आणि टेबलामागे बसलेल्या अनोळखी माणसाला, जो पान चघळत मोबाईल बघतोय, त्याला सगळे थर तोंडपाठ म्हणून दाखवायचे! मला हे बघून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

सर निवृत्त झाले त्या वर्षी उन्हाळ्यात अखेर फोन आला. नवीन मॅडम आल्या होत्या, तरुण, शिकलेल्या. त्यांनी जुनी फाईल वाचली आणि म्हणाल्या, सातबाऱ्याचं नंतर बघू, मी टीम घेऊन येते, जागा चांगली निघाली तर चाचणीचा एक खड्डा घेण्याची शिफारस करते. सरांनी लगेच मला फोन केला. “येणार आहेत, बाई,” एवढंच तीन वेळा म्हणाले.

गावचा सरपंच विजय, सरांचाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा, पण सरांवर जीव टाकणारा. सरांनी त्याला सांगितलं, “येत्या सोमवारी मोठे साहेब लोक येताहेत, आपल्या टेकाडावर. तूर्त कुणाला बोलू नकोस.” बस, एवढंच. का येताहेत, काय बघणार, अक्षर नाही. विजय पाया पडला. म्हणाला, “सर, तुम्ही काळजीच करू नका.”

सोमवारी मीही गेले. आयुष्यभर ऐकलं होतं, म्हटलं निकाल लागताना हजर असावं. सर आठवडाभर कागद जमवत अमळनेरला होते, तिथूनच मॅडमच्या जीपमधून आम्ही गावात शिरलो तर वेशीवर कमान. ‘सहर्ष स्वागत.’ लेझीमवाल्या मुली. पुढे रस्त्याला ताजा मुरूम. मी सरांकडे बघितलं. सर खिडकीतून नदीच्या बाजूला बघत होते आणि काहीतरी शोधत होते.

टेकाड नव्हतं.

जिथे टेकाड होतं तिथे सपाट मैदान, रोलर फिरवलेलं, पाणी मारलेलं, वर मंडप, खुर्च्या, टेबलावर पांढरं कापड. विजय धावत आला. चेहरा नुसता उजळलेला. “सर, साहेबस्नी गाडी वर जावाले पाहिजे ना! बठ्ठं सपाट करी टाकं.” नाला खोलीकरणाचा जेसीबी गावात होताच. त्याने दिवसरात्र लावला होता. माती वायाही घालवली नाही. पाऊस तोंडावर होता, घरटी ट्रॅक्टर वाटून दिला. त्या वर्षी गावात एकही धाबं मातीवाचून राहिलं नाही.

सर खाली उतरले आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मॅडम थेट नदीकडे गेल्या. नदीकाठाला हातभर पट्टी उरली होती, तिथे उकिडव्या बसल्या, ब्रशने झटकलं, बराच वेळ बघितलं. उठताना सरांना म्हणाल्या, “सर, तुमचं बरोबर होतं. पण आता शिफारस कशाची करू?” मग शाल, श्रीफळ, चहा, पोहे. त्यांनी ते नाकारलं नाही, गावाचं मन मोडायला कशाला. जीप गेली.

मी मात्र विजयला धरणार होते. असा संताप आला होता की तोंडात शब्द मावत नव्हते. सरांनी मला अडवलं. “त्याला बोलू नका. त्याने माझ्यासाठी केलं.”

“तुम्ही तरी बोला.”

“काय बोलू? काय होतं ते मी त्याला कधी सांगितलंच नाही. आता सांगून त्याच्या जिवाला घोर कशाला?”

मग मी सरांनाच बोलले. जे जे साठलं होतं ते सगळं, एसटी स्टँडवर, चार लोक ऐकत असताना. सर मान खाली घालून ऐकत होते. जमिनीकडे बघत.

पुढे सर मुलाकडे पुण्याला गेले, तिथेच गेल्या वर्षी वारले. मला निरोप उशिरा कळला. माझ्यापुरते सर त्याच मैदानावर शेवटचे दिसले, त्या सोमवारनंतरच्या हिवाळ्यात. पंचायतीने मैदानाला कंपाउंड घातलं, कडेला सिमेंटचं स्टेज बांधलं, आणि उद्घाटनाला गावचे गुणवंत शिक्षक म्हणून सत्कार कुणाचा, तर बोरसे सरांचा. मी म्हटलं, जाऊ नका. सर म्हणाले, “बोलावलंय, गेलं पाहिजे.” म्हणून मीही गेले.

हार झाले, भाषणं झाली. सरांच्या हातात माईक दिला. मला वाटलं, दोन वाक्यांत आभार मानून बसतील. पण सर शाळेतली पुस्तकी मराठी सोडून, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अहिराणीत सुरू झाले. “आठे मानसे राहेत व्हतात. तुमनासारखा, मनासारखा.” इथे माणसं राहायची, तुमच्यासारखी, माझ्यासारखी.

आणि सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. आता चोरायला काही उरलं नव्हतं, राखायलाही नव्हतं. आग लागली ती, पूर आला तो, माणसं परत आली ती. मातीचे बैल करून पोरं खेळायची ते. कुंभाराच्या बोटांचे ठसे. मागे बसलेली पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकायला लागली. विजय स्टेजच्या कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी सर म्हणाले, त्या काळी घरातलं तान्हं मूल गेलं तर त्याला लांब नेत नसत. दोन माठ घ्यायचे, त्यांच्या पोटात बाळाला ठेवायचं, माठांची तोंडं एकमेकांना लावायची आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. आईजवळ राहावं म्हणून. असं कुठे कुठे सापडलेलं आहे. “आठे बी व्हतं का, ते आते कोनलेच कळाऊ नही,” सर म्हणाले. इथेही होतं का, ते आता कुणालाच कळायचं नाही.

पुढच्या रांगेत जिजाअक्का बसली होती. गावची जुनी सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “जेसीबी फिरना तवय तसा माठ निंघना व्हतात, मास्तर. तोंडले तोंड लायेल. धन व्हई म्हनीसन पोरेस्नी फोडी पाह्यात. मजार, माठना पोटमा, मातीच व्हती. बारीक बारीक हाडके.”

मग अक्काने विचारलं, रागाने नाही, अगदी साधं विचारावं तसं, “हाई तुम्ही आम्हले पहिलेच काबर नही सांगं?”

सर माईक तोंडाशी धरून उभे होते. ओठ हलले, आवाज आला नाही. मंडपवाल्याला वाटलं माईक बंद पडला. तो वायर तुडवत स्टेजवर आला, सरांच्या हातातून माईक घेतला, दोनदा ठोकून “हॅलो, हॅलो” म्हणाला. माईक चालू होता. त्याने तो परत सरांच्या हातात दिला.